चिमूटभर जस्त

पीककर्जाच्या अर्जात खतांचा एक रकाना असतो. मी बँकेत होतो त्या काळात त्या रकान्यात तीनच नावे लिहिली जात: युरिया, सुपर फॉस्फेट, पोटॅश. म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश. कोणत्या पिकाला एकरी किती कर्ज द्यायचे, हे जिल्ह्याची तांत्रिक समिती दरवर्षी ठरवून देई आणि त्यात खतांचा वाटाही ठरलेला असे. आम्ही त्याप्रमाणे आकडे भरत असू, शेतकरी अंगठा देत असे आणि प्रकरण मंजूर होई. या त्रिमूर्तीपलीकडे पिकाला आणखी काही लागते, याची त्या कागदावर कुठे नोंद नव्हती. झाडाला मात्र बँकेचा अर्ज वाचता येत नाही. त्याला जे हवे ते हवे असते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची काही वर्षे माझी नोकरी खांडबारा परिसरात झाली. सुरत-भुसावळ लोहमार्गावर नवापूर आणि नंदुरबार यांच्या मधले हे स्टेशन. (नवापूरचे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, हे या मार्गावरून पहिल्यांदा जाणाऱ्याला कुणीतरी हटकून सांगतेच.) तेव्हा हा सगळा भाग धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो 1 जुलै 1998 रोजी. वस्ती मुख्यतः भिल्ल, मावची, कोकणी या आदिवासी समाजांची. नंदुरबार शहराकडे पाऊस बेताचा, पण जसजसे नवापूरकडे यावे तसतसा तो वाढत जातो, म्हणून इकडे भात होते. भाताबरोबर ज्वारी, मका, भुईमूग, उडीद आणि तूर. नवापूरच्या तूरडाळीला तर पुढे 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. गाडीच्या खिडकीतून श्रावण-भाद्रपदात हा मुलूख पाहणाऱ्याला वाटते की इथे काही कमी नाही. हिरवे डोंगर, हिरवी वावरे, मध्ये कौलारू घरे.

पण त्या हिरव्या रंगात किती छटा आहेत, हे खाली उतरून पाहिल्याशिवाय कळत नाही. कर्ज दिलेली पिके पाहायला आम्हाला फिरावे लागे. पंचनामा नव्हे, नुसती पाहणी. त्यात एक गोष्ट वारंवार डोळ्यांत भरत असे. ऑगस्टमध्ये पावसाने पंधरा-वीस दिवस ओढ दिली, की बांधाला बांध लागून असलेल्या दोन वावरांची दशा वेगळी दिसे. पाऊस दोघांना सारखाच चुकलेला, बियाणे एकाच दुकानातले, युरियाची गोणी दोघांना आमच्याच कर्जातून मिळालेली. एकाचे पीक दुपारी पाने गुंडाळून घेई आणि संध्याकाळी पुन्हा उलगडे. दुसऱ्याचे दुपारी गुंडाळले ते गुंडाळलेलेच राही, शेंडे करपत, पानांवर तांबूस ठिपके येत. पुढे पाऊस आला तरी ते पीक पुरते सावरत नसे. पहिल्याचे कर्ज मार्चअखेर फिटे. दुसऱ्याचे थकीत यादीत जाई.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी विचारले होते, "बाबा, तुमचे वावर तग धरते आणि शेजारचे का धरत नाही?" तो म्हणाला, "साहेब, माझ्या दारात सहा ढोरे आहेत. त्याची तीनही विकली गेली." त्याच्या दृष्टीने उत्तर पूर्ण झाले होते. ढोरे म्हणजे शेण, शेण म्हणजे खत. हे उत्तर बरोबर आहे याविषयी मला शंका नव्हती. पण शेणखतात असे काय असते जे युरियाच्या गोणीत नसते, हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा मी तो धसास लावला. कादंबरीकाराला असले नसते उद्योग करायची मुभा असते.

शेणखत पाणी धरून ठेवते, माती भुसभुशीत ठेवते, हे तर आहेच. पण त्याखेरीज त्यात लोह, जस्त, मंगल, तांबे, बोरॉन, मोलिब्डेनम असे पदार्थ थोडे थोडे असतात. शास्त्रज्ञ त्यांना सूक्ष्म अन्नद्रव्ये म्हणतात. क्लोरिन आणि निकेल धरून ती आठ होतात; निकेलचे नाव यादीत यायला तर 1987 साल उजाडले. 'सूक्ष्म' हे महत्त्वाच्या नव्हे, तर मापाच्या अर्थाने. हेक्टरी पाच टन भात पिकवायला झाडे जमिनीतून शंभर किलोच्या आसपास नत्र उचलतात. जस्त उचलतात ते पाव किलोच्या आसपास. मोलिब्डेनम तर काही ग्रॅम. मोठ्या पातेल्यातल्या आमटीला मीठ किती लागते? पण ते नसले तर पातेले तसेच उरते.

ही गोष्ट माणसाला एकदम कळलेली नाही. फ्रान्समध्ये 1843-44 च्या सुमारास यूझेब ग्री नावाच्या गृहस्थांनी पिवळ्या पडलेल्या पानांना लोहाच्या क्षाराचे पाणी लावले आणि पाने हिरवी झाली. ज्याला आपल्याकडे हिराकस म्हणतात त्याचाच हा प्रताप. 1923 मध्ये इंग्लंडमध्ये कॅथरीन वॉरिंग्टन या बाईंनी शेंगवर्गीय पिकाला बोरॉन लागतेच, हे दाखवून दिले. 1926 मध्ये जस्ताचे सिद्ध झाले. ऑस्ट्रेलियात 1942 च्या सुमारास अँडरसन नावाच्या शास्त्रज्ञाने माजलेल्या तणाशिवाय काही न उगवणाऱ्या कुरणावर एकरी मूठभरही नाही इतके मोलिब्डेनम टाकले आणि तिथे चारा उभा राहिला. हे सगळे दूरचे. आपल्या घराजवळची, निदान आपल्या भाषेजवळची गोष्ट वेगळीच आहे आणि ती आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

डॉ. यशवंत लक्ष्मण नेने हे मूळचे ग्वाल्हेरचे. 1936 चा जन्म. शिंदेशाहीमुळे ग्वाल्हेरला स्थायिक झालेल्या मराठी घरांपैकी त्यांचे घर. साठच्या दशकात ते पंतनगरच्या कृषी विद्यापीठात वनस्पतींच्या रोगांचे संशोधक होते. पंतनगर म्हणजे हिमालयाच्या पायथ्याची तराई. जंगल तोडून नव्याने शेते केलेली, जमीन काळीभोर, पाणी मुबलक; तरी तिथे भाताला एक विचित्र रोग येई. लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांत पाने बुडाशी फिकी पडत, मग त्यांवर तांबूस-तपकिरी डाग येत, रोप खुरटे राही. डागांचा रंग काताचा, म्हणून तिथले शेतकरी त्याला 'खैरा' म्हणत. कात खैरापासून होतो, त्यावरून.

रोग म्हटला की त्याचा जंतू शोधायचा. बुरशी, जिवाणू, विषाणू यांपैकी कुणीतरी असणार. रोगशास्त्रज्ञाला दुसरे काय सुचणार? परंतु जंतू सापडेना. नेन्यांनी मग दिशा बदलली आणि निरनिराळ्या मूलद्रव्यांचे क्षार फवारून पाहिले. जस्ताच्या क्षाराने खैरा गेला. 1966 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. शेतातल्या भाताला जस्ताची कमतरता होते, हे जगात पहिल्यांदा तिथे सांगितले गेले. त्यावर त्यांनी बसवलेला उपायही इतका साधा की हसू यावे: हेक्टरी हजार लिटर पाण्यात पाच किलो झिंक सल्फेट आणि अडीच किलो विरवलेला चुना. चुना कशाला? तर नुसत्या झिंक सल्फेटने पाने भाजू नयेत म्हणून. यानंतर पाकिस्तानात 'हड्डा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भाताच्या रोगाचेही मूळ तेच निघाले, आणि फिलिपाईन्सपासून पुष्कळ ठिकाणी भाताची कोडी उलगडू लागली. नेने पुढे हैदराबादजवळच्या 'इक्रिसॅट' या आंतरराष्ट्रीय संस्थेचे उपमहासंचालक झाले. त्यांनी 1994 मध्ये एशियन अ‍ॅग्री-हिस्टरी फाउंडेशन काढून सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेदा'ची ऑक्सफर्डमधली हस्तलिखित प्रत मिळवली आणि तिचे भाषांतर प्रसिद्ध केले. 2018 मध्ये ते वारले. ज्या माणसाने जस्ताचे मोल ओळखले त्यानेच उतारवयात जुन्या ग्रंथांतले कुणपजलासारखे सेंद्रिय खत पुन्हा लोकांपुढे आणावे, यात मला विसंगती दिसत नाही. ढोरे विकल्याची तक्रार करणारा खांडबाऱ्याचा म्हातारा आणि नेने यांचे एकमेकांशी चांगले जमले असते.

खैरा साठच्याच दशकात का वर आला, हेही समजून घेण्यासारखे आहे. त्यापूर्वी भाताच्या जाती उंच, उत्पन्न बेताचे. जमिनीतून थोडे उचलायचे, थोडे शेणखताने परत द्यायचे. मग भरघोस पिकणाऱ्या बुटक्या जाती आल्या. उचल दुप्पट-तिप्पट झाली. भरणा मात्र नत्र आणि स्फुरदाचाच. बँकेच्या भाषेत सांगायचे तर एका खात्यात आपण नियमित पैसे भरत होतो आणि शेजारच्या खात्यातून न बघता काढत होतो. त्यात खते जसजशी शुद्ध झाली तसतसा त्यांतला फुकटचा भाग गेला. जुन्या सुपर फॉस्फेटबरोबर गंधक येत असे आणि इतर काही अंशही येत, डीएपीत ते नाही. शिवाय स्फुरद जास्त झाले तर ते झाडाच्या जस्त घेण्यात आडवे येते. म्हणजे डीएपीची जास्तीची गोणी टाकून शेतकरी कधी कधी स्वतःच्याच पिकाला उपाशी ठेवतो.

आता मूळ प्रश्नाकडे. पावसाने ओढ दिल्यावर एक पीक तग धरते आणि दुसरे धरत नाही, यात या चिमूटभर द्रव्यांचा संबंध काय?

पानाला ऊन लागते तेव्हा ते ऊन पकडून त्याचे अन्न करते. पाण्याची टंचाई झाली की झाड पानांवरची रंध्रे मिटून घेते, बाष्प जाऊ नये म्हणून. पण रंध्रे मिटली की हवेतला कर्बवायूही आत येईना. ऊन मात्र यायचे थांबत नाही. चूल पेटलेली आणि वर भांडे नाही, अशी पानाची गत होते. त्या न वापरलेल्या शक्तीतून प्राणवायूची काही विखारी रूपे तयार होतात आणि ती पेशींची आवरणे, हरितद्रव्य, प्रथिने जाळत सुटतात. करपलेला शेंडा दिसतो तो या आतल्या जळण्याचा. झाडाकडे ही आग विझवणारी यंत्रणा असते. काही विकरे ते काम करतात. या विकरांच्या गाभ्यात कोण बसलेले असते? कुठे जस्त आणि तांबे जोडीने, कुठे मंगल, कुठे लोह. ही धातूची कणी नसेल तर विकर तयारच होत नाही, किंवा झाले तरी कामाचे नसते. बंबात पाणी आहे, पण नळीचे तोंड नाही.

मार्शनर आणि चकमक या दोन शास्त्रज्ञांनी 1989 मध्ये केलेला एक प्रयोग मला फार आवडला. जस्ताची कमतरता असलेल्या घेवड्याच्या पानाचा काही भाग त्यांनी झाकून सावलीत ठेवला, बाकीचा तीव्र उजेडात. उजेडातला भाग पिवळा पडून करपला, झाकलेला हिरवा राहिला. पान एकच, उपासमार तीच. नुकसान झाले ते ताण पडला तिथे. यातले इस्माईल चकमक पुढे तुर्कस्तानात गव्हावर काम करत राहिले. मध्य अनातोलियाच्या कोरडवाहू, चुनखडीच्या पठारावर जस्ताचा तुटवडा इतका होता की काही शेतांत ते दिल्यावर उत्पन्न कैक पटींनी वाढले. पाऊस कमी असेल तेव्हा जस्ताच्या तुटवड्याचा फटका अधिक बसतो, हे तिथे शेताशेतांत दिसले.

याला आणखी एक पेच आहे. जस्त मातीत मुळाकडे सरकते ते मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ पापुद्र्यातून. माती सुकली की हा रस्ताच बंद होतो. म्हणजे ज्या पंधरवड्यात झाडाला जस्ताची गरज सर्वात जास्त, त्याच पंधरवड्यात ते मिळणे सर्वात अवघड. अगोदरच आत शिल्लक असलेले झाड निभावते. हातावर पोट असलेले कोसळते. हे वाक्य लिहिताना मला माणसेच आठवतात, पण तो माझा दोष आहे, शास्त्राचा नव्हे.

बोरॉनचे काम वेगळे. पेशीची भिंत बांधायला आणि परागकण रुजायला ते लागते. फुलोऱ्यात असताना ऊन तापले आणि त्यातच बोरॉन कमी असले, तर दाणा भरत नाही, शेंग पोचट राहते. भुईमूग आणि तुरीच्या शेतकऱ्याला हे नुकसान कापणीपर्यंत कळतही नाही, कारण झाड वरून हिरवेगार असते.

खांडबाऱ्याच्या जमिनीकडे या चष्म्यातून पाहिले की तिची खोड लक्षात येते. इथे उताराच्या वरच्या अंगाला मुरमाड, हलकी वावरे आहेत आणि खाली नाल्याकाठी भाताची खोल, ओली खाचरे. खाचरात पाणी साचून राहिले की माती गुदमरते. लोह भरपूर मोकळे होते, पण जस्त अडकून बसते. वरच्या कोरड्या अंगाला, विशेषतः चुनखडी असेल तिथे, उलट प्रकार: जमिनीत लोह ढिगाने असते, आपला सगळा दगडच लोहाचा, पण ते झाडाला घेता येईल अशा रूपात नसते. म्हणून भुईमूग पिवळा पडतो, कोरड्यात पेरलेले भातही पिवळे पडते. पश्चिम महाराष्ट्रात उसाला हे झाले की 'केवडा पडला' म्हणतात. किती सुंदर नाव आणि केवढे वाईट दुखणे! एकाच माणसाच्या एकाच गटात वर एक रोग आणि खाली दुसरा. आमचा अर्ज दोन्हींना युरियाची सारखीच गोणी देत होता.

कापूसवाल्या खानदेशाला 'लाल्या' नव्याने सांगायला नको. 2002 नंतर बीटी कापूस पसरला आणि लाल्याची ओरडही वाढली. पाने ऐन बोंडे भरण्याच्या वेळी लाल होतात आणि गळतात. लोक रोग समजून औषधे फवारत राहिले. बहुतेक वेळा तो रोग नसतोच. बोंडांचा भार अचानक वाढतो, जमिनीत नत्र आणि मॅग्नेशियम पुरत नाही, त्यात रात्रीचा गारठा पडतो, आणि झाड हिरवेपण टिकवू शकत नाही. (मॅग्नेशियम हे काटेकोर हिशेबात सूक्ष्म अन्नद्रव्य नव्हे, दुय्यम अन्नद्रव्य, पण शेतकऱ्याच्या खिशाला या वर्गवारीशी देणेघेणे नाही.) कृषी विद्यापीठांनी मॅग्नेशियम सल्फेटची आणि जोडीला युरिया किंवा डीएपीची फवारणी सांगितली. ज्यांनी ती वेळेवर केली त्यांचे काही वाचले. पाने लाल झाल्यावर केली त्यांचे पैसे गेले.

पैसे जाण्यावरून बाटल्यांचा विषय काढलाच पाहिजे. ही द्रव्ये महत्त्वाची आहेत, हे शेतकऱ्याआधी व्यापाऱ्याला कळले. नव्वदच्या दशकात मोटारसायकलवरून फिरणारे प्रतिनिधी खेडोपाडी दिसू लागले. चकचकीत वेष्टनाच्या बाटल्या, देवादिकांची आणि वीरपुरुषांची नावे, आणि 'टॉनिक' हा जादूचा शब्द. कुपोषित मुलाला टॉनिक पाजतात तसे पिकाला पाजा, हे पटायला सोपे. आमच्या एका कर्जदाराने पीककर्जातले बियाण्याचे पैसे उरवून तालुक्याच्या एका दुकानातून दोन बाटल्या आणल्या होत्या. बाटलीवर आत काय आहे, कोणते द्रव्य किती टक्के, याचा उल्लेख नव्हता. 'विशेष शक्ती' एवढे होते. मी दुकानदाराला विचारले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, वरून फवारायचे आणि देवाचे नाव घ्यायचे." पीक काही सुधारले नाही. देवाचे नाव घेण्यासाठी तेवढा खर्च करण्याची गरज नव्हती.

वास्तविक 1985 च्या खत नियंत्रण आदेशाखाली ही खते येतात आणि महाराष्ट्र शासनाने मिश्रणाचे प्रमाण ठरवून दिले आहे. जमिनीतून देण्याच्या ग्रेड-1 मध्ये जस्त 5 टक्के, लोह 2, मंगल 1, तांबे अर्धा टक्का, बोरॉन 1 टक्का. फवारणीच्या ग्रेड-2 मध्ये जस्त 3, लोह अडीच, आणि इतर द्रव्यांबरोबर मोलिब्डेनमचा अंशही. पिशवीवर हे छापलेले असले पाहिजे. नसेल तर ती पिशवी घेऊ नये, इतका साधा नियम आहे. साधे झिंक सल्फेट एकरी आठ-दहा किलो शेणखतात मिसळून टाकले तर त्याचा उपयोग दोन-तीन हंगाम पुरतो. लोहासाठी हिराकस, बोरॉनसाठी बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखारच. आजीच्या बटव्यातली नावे आहेत ही.

पण ही द्रव्ये म्हणजे दुष्काळावरचा उतारा नव्हे. पाणीच नसेल तर जस्त काय करणार? तुटवडा असेल तिथे तो भरून काढला, तर झाड स्वतःच्या ताकदीने जितका ताण सोसू शकते तितका सोसते, एवढेच. तुटवडा नसलेल्या शेतात टाकले तर काही होत नाही, आणि बोरॉनसारखे द्रव्य जरा जास्त पडले तर विष होते. पुरेसे आणि घातक यांच्यामध्ये त्याची रेघ फार बारीक आहे. म्हणून आधी मोजायचे, मग द्यायचे.

मोजायचे म्हणजे माती तपासायची. मातीत झाडाला घेता येण्याजोगे जस्त दहा लाख भागांत 0.6 भागापेक्षा कमी निघाले तर तुटवडा समजतात. लोहासाठी ही मर्यादा साडेचारची. केंद्र सरकारने फेब्रुवारी 2015 मध्ये मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली आणि तिच्यात बारा गोष्टींची तपासणी आली, त्यांत जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन ही पाचही. माझ्या मते हा चांगला कागद आहे. माझ्या जुन्या अर्जात जी नावे नव्हती ती सरकारी कागदावर आली, हे थोडे नाही. मात्र पहिल्या फेरीत कोरडवाहू भागात दहा हेक्टरांमागे एक नमुना घ्यायचा असे ठरले. सपाट मुलखात ते चालून जाईल. खांडबाऱ्यासारख्या उताराच्या, तुकड्या-तुकड्यांच्या गावात दहा हेक्टरांत मुरूम, पोयटा आणि खाचर तिन्ही येतात. दोन एकरांच्या मालकाच्या हाती शेजाऱ्याच्या जमिनीचा निकाल पडतो. डॉक्टरांनी एका भावाचे रक्त तपासून सगळ्या घराला औषध द्यावे, तसे ते आहे.

नमुना घेण्याचीही एक गंमत आहे. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचे वीतभर खड्डे घ्यायचे, कडेची माती खरवडायची, सगळी एकत्र करून अर्धा किलो ठेवायची. पण ती माती पत्र्याच्या, जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत गोळा करायची नाही. बादलीचे जस्त मातीत उतरते आणि प्रयोगशाळा सांगते, तुमची जमीन श्रीमंत आहे! प्लास्टिकचे घमेले किंवा स्वच्छ कापड घ्यावे. इतक्या सूक्ष्म मापाचा हा मामला.

शहरातल्या वाचकाला वाटेल, याचा आपल्याशी काय संबंध? जमिनीत जे नाही ते दाण्यात कमी, आणि दाण्यात जे कमी ते ताटात कमी. 1961 मध्ये डॉ. आनंद प्रसाद या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी इराणमधल्या खुज्या राहिलेल्या तरुणांविषयी लिहिले आणि जस्ताच्या अभावाचा संशय व्यक्त केला. 1963 मध्ये इजिप्तमधल्या अभ्यासाने तो पक्का झाला. तोवर माणसाला जस्ताची कमतरता होऊ शकते, हेच कुणी मानत नव्हते. ती मुले मुख्यतः भाकरीवर जगत होती. नंदुरबार जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रांत कुपोषणासाठी किती वेळा येते, ते या पुरवणीच्या वाचकाला सांगायला नको. कुपोषणाची कारणे अनेक आहेत आणि ती सगळी मातीत शोधणे वेडेपणाचे होईल. पण ज्या घरी वर्षातून सहा महिने भात किंवा भाकरी आणि तिखट एवढेच असते, तिथे दाण्यातले जस्त किती, याला मोल आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटबरोबर काढलेली 'धनशक्ती' ही लोह-जस्त जास्त असलेली बाजरी 2012 मध्ये महाराष्ट्रासाठी आली. परभणीच्या विद्यापीठाची 'परभणी शक्ती' ही ज्वारी 2018 मध्ये. पण वाण कितीही गुणी असला तरी मातीत नसलेले जस्त तो कुठून आणणार?

खांडबाऱ्याच्या माणसाच्या लेखी मात्र हा सगळा हिशेब वेगळ्याच तारखांत मांडला जातो. घरातले भात दिवाळीपर्यंत पुरते की होळीपर्यंत? दिवाळीपर्यंतच पुरले, तर ट्रक येतो आणि कुटुंब दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जाते. बरोबर मुले जातात, शाळेच्या हजेरीत महिनोन्‌महिने गैरहजर पडतात आणि होळीला परत येतात. होळी हा इथला सर्वात मोठा सण, तो गावाबाहेर करायचा नसतो. भात चार पोती जास्त झाले तर कुणी तरी एक मोठे माणूस घरी राहू शकते, आणि ते राहिले तर मुलेही राहतात. बँकेत असताना थकीत कर्जाच्या नोटिसा घेऊन दिवाळीनंतर गेलो, की कुलूप लागलेली दारे दिसत. कुलूपही बहुधा नसेच, काटेरी फांदी आडवी लावलेली असे.

मध्यंतरी आषाढात पुन्हा त्या बाजूला जाणे झाले. एका वावरात लावणी चालू होती आणि बायका रोपांच्या जुड्या बांधावरच्या घमेल्यातल्या पांढुरक्या पाण्यात मुळांपर्यंत बुडवून मग चिखलात लावत होत्या. ते झिंक ऑक्साइडचे पाणी होते, शंभर भागांत दोन भाग. रोपाच्या मुळाला लागते तेवढेच लागते, वाया काही जात नाही, जमिनीत टाकायच्या खताचा खर्चही नाही. भात संशोधकांनी ही युक्ती पूर्वीच सांगून ठेवली आहे. घरातला मुलगा शेतकी शाळेत शिकलेला. त्याने ती आणली होती. वरच्या तुरीच्या वावरातला मातीचा नमुना त्याने पेरणीआधीच काढून ठेवला होता आणि आता खालच्या खाचराची माती त्यातच मिसळून एकच पिशवी पाठवायचा त्याचा विचार चालला होता. त्याच्या आईने लावणीतूनच मान वर केली.

"एकत्र कशाला करतोस?" ती म्हणाली. "वरचे पिवळे पडते आणि खालचे तांबडे पडते. तुला दिसत नाही का?"

मुलाने दुसरी पिशवी शोधली आणि दोन्हींवर वेगवेगळ्या चिठ्ठ्या बांधल्या.